मला घड्या घालायला बसवलं

"लॉजवर जाऊन येते," मी आईला फोनवर सांगितलं. पलीकडे दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग अगदी सपाट आवाजात, "कुणाबरोबर?"

तिची काही चूक नाही. चिपळूणला एस.टी. स्टँडच्या आसपास लॉज म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी राहते त्या स्टोटनमध्ये मात्र लॉजला आज्या जातात. विस्कॉन्सिन राज्यातलं हे छोटं गाव मॅडिसनपासून अर्ध्या तासावर आहे, आणि इथे लॉज म्हणजे 'सन्स ऑफ नॉर्वे' या संस्थेची शाखा. लाकडी फरशीचा एक हॉल, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला भलंमोठं स्वयंपाकघर, आणि कायम तापलेला कॉफीचा पिंप. मला तिथे ओढून नेलं ते आमच्या शेजारच्या बाईंनी. त्या ऐंशीच्या पुढच्या. गणपतीत मी त्यांना पुरणपोळी दिली होती. ती त्यांनी उजेडासमोर धरून पाहिली, बोटांनी कड चाचपली आणि विचारलं, "शनिवारी काय करते आहेस?"

शनिवारी लेफ्सा होत्या.

लेफ्सा म्हणजे बटाट्याची पोळी. हे वाक्य मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्यात काय एवढं?" त्यात एवढं असं की बटाटे आदल्या दिवशी उकडायचे, तेही पिठूळ जातीचे. गरम असतानाच चाळणीच्या साच्यातून दाबून काढायचे, एकदा नाही, दोनदा. एकही गुठळी राहता कामा नये. त्यातच लोणी, साय, मीठ आणि चवीपुरती साखर. मग रात्रभर ते गार करायचं, घट्ट झाकण न ठेवता, म्हणजे वाफ निघून जाते. पीठ घालायचं ते दुसऱ्या दिवशी, अगदी लाटायच्या आधी, आणि तेही एका वेळी थोड्याच लगद्यात. घालून ठेवलं की पाणी सुटतं, गोळा चिकट होतो, मग पीठ घालतच राहावं लागतं आणि लेफ्सा चामड्यासारखी होते. पुरण सैल झाल्यावर आपल्या स्वयंपाकघरात जे मौन पसरतं ना, तेच मौन मी तिथे ऐकलं आहे.

पोळपाट हातभर रुंद, त्यावर ताणून बसवलेलं जाड कापड, कापडात चोळून जिरवलेलं पीठ. लाटण्यावर उभ्या-आडव्या खाचा, आणि लाटण्याला चक्क मोजा घातलेला. लाटलेली लेफ्सा इतकी पातळ की खालच्या कापडावरचे आकडे दिसावेत. ती हाताने उचलायची नाही. एक लांब, चपटी, पट्टीसारखी लाकडी काठी तिच्या बरोबर मधोमध सरकवायची, दोन्ही बाजू ओलसर कपड्यासारख्या लोंबू द्यायच्या, आणि पाचशे फॅरनहाइटला तापलेल्या तव्यावर ती उलगडून टाकायची. मिनिटभरात तपकिरी ठिपके. काठीनेच उलटायची, मग दोन फडक्यांमध्ये एकीवर एक रचायची. वाफेने मऊ होतात. खाताना लोणी लावायचं, साखर भुरभुरायची आणि गुंडाळायची. म्हणजे शाळेच्या डब्यातली तूप-साखर-पोळी, फक्त आठ हजार मैलांवरून वळसा घालून आलेली.

पण त्या पहिल्या शनिवारी मी यातलं काहीच केलं नाही. मला पिशव्या बंद करायला बसवलं होतं.

लॉजच्या स्वयंपाकघरात उतरंड आहे आणि ती कुठेही लिहिलेली नाही. नव्या माणसाने घड्या घालायच्या आणि पिशव्या भरायच्या. वर्ष-दोन वर्षांनी तव्यावर, उलटायला. लाटायला बसायचं ते बोलावणं आल्यावरच. लाटणाऱ्या सहा जणी ठरलेल्या, आणि त्यातली एक गेली तर सातवी कोण यावर वर्षभर कुजबुज. पीठ किती घालायचं हे ठरवणारी फक्त एक. त्या बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. त्या लगद्याला बोट लावून बघतात आणि नुसती मान हलवतात. संस्थेचं नाव 'नॉर्वेचे पुत्र' असलं तरी पुत्र बाहेर टेबलं मांडतात आणि कॉफी पितात.

कॉफीवरून आठवलं. कामाच्या मध्येच घ्यायची कॉफीची सुट्टी आपल्याच गावात जन्मली असा स्टोटनचा दावा आहे, आणि त्याचा वार्षिक उत्सवही गाव करतं. गोष्ट अशी सांगतात की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या तंबाखूच्या वखारींना कामाला माणसं हवी होती आणि गावातले नॉर्वेजियन पुरुष आधीच घोडागाड्यांच्या कारखान्यात गुंतलेले. मग बायकांना विचारलं. त्या म्हणाल्या येतो, पण सकाळ-दुपार मध्ये घरी जाऊन पोरांकडे बघू, चुलीवरचं बघू आणि कॉफी पिऊन येऊ. दावा खरा की गावाचा अभिमान, यात मी पडत नाही. त्या वाटाघाटीचा सूर मात्र मला अगदी ओळखीचा वाटतो.

त्या घोडागाड्यांच्या कारखान्यातूनच इथली आणखी एक गोष्ट निघाली. पेर लिस्ने नावाचा नॉर्वेतल्या लॅर्डालहून आलेला रंगारी तिथे गाड्यांवर नक्षी काढायचा. मोटारी आल्या, गाड्या संपल्या, मग मंदीत त्याने ताटं, पेट्या, कपाटं रंगवायला घेतली. नॉर्वेच्या खेड्यांतली रोसेमालिंग ही फुलावेलींची चित्रकला अमेरिकेत पुन्हा रुजली ती बरीचशी त्याच्या हातून. आज लॉजच्या भिंतींवर, दारांवर, अगदी लेफ्सा उचलायच्या काठीच्या मुठीवरही त्या वेली आहेत. कुंचला इंग्रजी सी आणि एस या दोन वळणांतच फिरतो. बस, तेवढंच. मी तीन सोमवार शिकायला गेले. माझा सी जमतो. एस अजून गांडुळासारखा येतो.

खरं सांगायचं तर हे सगळं मला आधी जरा खेळण्यातलं वाटायचं. सोडतीच्या टेबलावर शिंगांची प्लॅस्टिकची शिरस्त्राणं, खऱ्या व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं नव्हतीच तरीही. भरतकामाचे रुमाल, 'उफ् दा' लिहिलेले कप. उफ् दा म्हणजे आपलं 'अगं बाई गं', कशालाही चालतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सोडलेला देश, चौथी-पाचवी पिढी, बहुतेकांनी तो देश पाहिला असेल तर पर्यटक म्हणून. मग हे कशासाठी?

एका कॉफीच्या वेळी टेबलाशी बसलेल्या आजोबांनी मला विचारलं, "तुमच्या लोकांचा क्लब आहे का?" म्हटलं, आहे ना, मराठी मंडळ. गणपती करतो, संक्रांत करतो, दिवाळीत फराळ आणि नाटक. ते ऐकत होते. मग म्हणाले, "आणि कुणी मेलं तर काय करता?"

मी कपातच बघत राहिले.

त्यांनी तो प्रश्न खोचकपणे विचारला नव्हता. त्यांच्या लेखी क्लब म्हणजे तेच. १८९५ च्या जानेवारीत मिनिआपोलिसमध्ये १८ नॉर्वेजियन पुरुषांनी सन्स ऑफ नॉर्वे काढली ती नाचासाठी नाही की लेफ्सासाठी नाही. दोन वर्षांपूर्वीच अमेरिकेत मोठी मंदी सुरू झाली होती. नवखा मजूर आजारी पडला तर घरी चूल पेटायची नाही, मेला तर बायको-पोरांना पुरायच्या खर्चापासून अडचण. म्हणून ठरवलं, प्रत्येकाने वर्गणी भरायची आणि कुणावर वेळ आली तर त्या पैशातून भागवायचं. ती विम्याची संस्था होती, आजही विमा विकते. भाषा, गाणी, सण हे सगळं त्या वर्गणीच्या वहीभोवती हळूहळू गोळा झालं.

हे ऐकताना मला लालबागची एक खोली आठवली. ती मी पाहिलेली नाही, आईकडून ऐकलेली. आईचे वडील संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून गिरणीत आले ते थेट गावकरी मंडळाच्या खोलीत. एका खोलीत वीस-बावीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी. रात्रपाळीचा उठून गेला की त्याच्याच वळकटीवर दिवसपाळीचा. भिंतीशी ट्रंकांची रास, मधल्या खुंटीवर गावदेवीची तसबीर, दर महिन्याला वर्गणी. कुणी गेला तर मंडळ खर्च उचलायचं, गावी कळवायचं, माणूस सोबत द्यायचं. भजनाची डबलबारी आणि शिमग्याची तयारी त्याच खोलीत व्हायची, पण आधी वही. गोव्याहून येणाऱ्या खलाशांच्या धोबीतलावच्या कूडी, म्हणजे सामाईक राहायच्या खोल्या, तशाच, प्रत्येक गावाची आपली.

आणि गंमत बघा, नॉर्वेवाल्यांनीही नेमकं हेच केलं होतं. नॉर्वे एवढं मोठं छत्र पुरेना म्हणून खोऱ्याखोऱ्यांची वेगळी मंडळं. १८९९ च्या जूनमध्ये वाल्द्रेस खोऱ्यातून आलेले लोक मिनिआपोलिसच्या मिनेहाहा पार्कात जमले. आपली बोली ऐकायला मिळावी, आपल्याकडचं खायला मिळावं एवढ्यासाठी. मग बाकीच्यांनी बघून आपापली मंडळं काढली. त्यांना म्हणतात बिग्देलाग. बिग्द म्हणजे खेडं, पंचक्रोशी. लाग म्हणजे मंडळ. शब्दाला शब्द लावला तर ग्रामस्थ मंडळ, रजिस्टर नंबर सकट.

१८२५ ते १९२५ या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त माणसं नॉर्वेतून अमेरिकेला आली. १८२५ मध्ये तो देशच सगळा मिळून दहा लाखांचा होता. डोंगर आणि फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाड्या, त्यात कसण्याजोगी जमीन शंभरातली तीन भाग, तीही थोरल्या मुलाला. बाकीच्यांनी काय करायचं? कोकणातल्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. पहिलं गलबत 'रेस्टोरेशन' त्या वर्षी ४ जुलैला स्टाव्हांगरहून निघालं तेव्हा त्यात ५२ माणसं होती. ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला लागलं तेव्हा ५३. वाटेत एक बाळंतपण झालं होतं. मला त्या संपूर्ण इतिहासातला हाच आकडा सगळ्यात आवडतो.

भाषेचं मात्र वेगळं झालं. लॉजच्या प्रत्येक जेवणाआधी सगळे उभे राहून नॉर्वेजियनमध्ये प्रार्थना म्हणतात. खणखणीत, एका सुरात, एकही शब्द न अडखळता. मी शेजारच्या बाईंना अर्थ विचारला तर त्या म्हणाल्या, येशूच्या नावाने आम्ही जेवायला बसतोय, एवढं कळतं. "पुढचं आवाज म्हणून पाठ आहे." माझी लेक घास घेण्याआधी आपला श्लोक म्हणते तेव्हा तिचंही तसंच आहे. कवळ म्हणजे काय हे तिला अजून विचारायचं सुचलेलं नाही आणि मी आपण होऊन सांगितलेलं नाही.

बाईंचं माहेर उत्तर आयोवातलं. त्यांच्या आजीच्या तोंडी घरात नॉर्वेजियनच असायची. पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या मे महिन्यात, आयोवाच्या गव्हर्नर हार्डिंग यांनी फर्मान काढलं. शाळेत, रस्त्यावर, आगगाडीत, टेलिफोनवर, चर्चमध्येसुद्धा इंग्रजीच बोलायची. रोख जर्मनांवर होता, पण सापडले सगळेच. तेव्हाचे टेलिफोन म्हणजे एका तारेवर पाच-सात घरं, कुणीही कुणाचं ऐकावं. बाई सांगतात, आजी नंतर फोन घ्यायचीच नाही. वाजला तर आजोबांना हाक मारायची. युद्ध संपलं, फर्मान गेलं, पण सवय राहिली. पोरांशी इंग्रजी आणि म्हाताऱ्यांशी नॉर्वेजियन अशी भाषा आधी दुभंगली आणि मग म्हातारी माणसं संपली.

लेफ्सावर कुणी फर्मान काढलं नव्हतं. टेलिफोनवरून तिचा वासही जात नाही.

तरी मला वाटतं, फक्त फर्मानावर खापर फोडणं सोपं आहे. जिथे फर्मान नव्हतं त्या विस्कॉन्सिनमध्येही भाषा गेलीच. भाषेला रोज बोलणारं दुसरं माणूस लागतं. लेफ्साला वर्षातला एक शनिवार पुरतो, पदरात पीठ असलं की झालं. हार्डांगरचं भरतकाम करणाऱ्या दोघी-तिघी आहेत लॉजमध्ये. पांढऱ्या कापडावर पांढरा धागा. चार धाग्यांवर पाच टाके, असे चौकोन मोजून भरायचे आणि मग मधलं कापड कात्रीने कापायचं. एक धागा चुकला की कापल्यावर सगळं उसवतं. ओठांतल्या ओठांत मोजत असतात, ते इंग्रजीत. आणि तो रुमाल बघून कुणीही म्हणेल नॉर्वे.

नोव्हेंबरातल्या मोठ्या जेवणाबद्दल मी शक्यतो बोलत नाही, पण लुटफिस्कला वगळून हा लेख नॉर्वेजियनांसमोर ठेवता येणार नाही. उत्तर नॉर्वेतल्या लोफोतेन बेटांच्या थंड वाऱ्यात लाकडी मांडवांवर टांगून कॉड मासा फळीसारखा कडक वाळवतात. तो पुन्हा खायचा तर अनेक दिवस पाण्यात, मग क्षाराच्या पाण्यात, मग क्षार जाईपर्यंत पुन्हा रोज बदलत्या पाण्यात. शेवटी जे ताटात येतं ते पारदर्शक, थरथरणारं, वितळलेल्या लोण्यात पोहणारं. चांदीचे चमचे त्याला लावत नाहीत, काळे पडतात. मी सुक्या बोंबलांच्या वासात वाढलेली बाई. वर्सोव्याला बांबूच्या मांडवांवर वाळणारे बोंबील बसमधून दिसले की मला भूक लागते. म्हणून मोठ्या आत्मविश्वासाने पहिला घास घेतला. वास सहन झाला. तो हलत होता, ते नाही झालं. समोरचे आजोबा तिसऱ्यांदा वाढून घेत होते, आणि लोक दोन-दोन तास गाडी चालवून त्यासाठी आले होते.

त्याच जेवणाला एकदा बर्गनहून मॅडिसनच्या विद्यापीठात आलेला एक मुलगा होता. खरा, पासपोर्टवाला नॉर्वेजियन. सगळ्यांनी त्याला मध्ये बसवलं. त्याने कौतुकाने सगळं खाल्लं आणि हळूच मला म्हणाला, लेफ्सा आम्ही दुकानातून पाकिटात आणतो, आणि हे इतकं सगळं एकत्र, एका ताटात, माझ्या आजीकडेही नव्हतं. त्याला हसू येत होतं आणि थोडं गलबलूनही येत होतं. मला आमचं मंडळ आठवलं. मॅडिसनच्या एका शाळेच्या हॉलमध्ये नथ, फेटे, ढोल, मोदक, लावणी आणि पसायदान असं सगळं चार तासांत उरकतो आम्ही. पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने तोच चेहरा केला होता.

मागच्या वर्षी आई सहा महिने राहायला आली, तीही नेमकी ऑक्टोबरात. मी तिला लॉजवर घेऊन गेले. मनात चित्र तयार होतं. आई लाटणं हातात घेईल, सहा जणी थक्क होतील, गणिताच्या बाई चष्मा काढून बघतील.

गणिताच्या बाईंनी आईचं हसून स्वागत केलं, कॉफी दिली, एप्रन दिला आणि पिशव्यांच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

मी गडबडीने मध्ये पडले. म्हटलं, ही पंचेचाळीस वर्षं पोळ्या करते आहे. बाई म्हणाल्या, छान, मग घड्या नीट घालेल.

आई दिवसभर लेफ्सांच्या घड्या घालत होती. आधी अर्धी, मग चतकोर, टोक आत. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, आता घरी गेल्यावर माझं काही खरं नाही. मध्ये एकदा लाटणाऱ्या टेबलावर एक गोळा फाटायला लागला तेव्हा तिने मान उंचावून पाहिलं आणि मराठीतच, मोठ्याने म्हणाली, "गरम आहे अजून बटाटा!" कुणालाही कळलं नाही. गणिताच्या बाई मात्र उठल्या, लगद्याला बोट लावलं, आणि ते भांडं उचलून बाहेर थंडीत ठेवून आल्या.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "मला घड्या घालायला बसवलं." मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर ती पुढे म्हणाली, "बरोबर आहे त्या बाईचं. आमच्याकडे लग्नघरात पुरणाला हात लावायला पहिल्या दिवशी मला तरी कोण देत होतं? सहा वर्षं नुसती डाळ वाटली." मग पिशवीतून एक लेफ्सा काढून तिने ती खिडकीच्या उजेडात धरली, अगदी शेजारच्या बाईंनी माझी पुरणपोळी धरली होती तशी. "पातळ आहेत हं. पण मीठ कमी."

ती परत गेली. यंदा नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी रात्री तिचा फोन आला. तिच्याकडे पहाट, मागे रेडिओ आणि कुकरची शिट्टी.

"झाल्या का लेफ्सा?"

"झाल्या."

"बटाटे आदल्या दिवशीच उकडलेत ना?"

"हो गं."

"आणि तुला? यंदा तरी लाटायला बसवलं का?"

"नाही," मी म्हणाले. "उलटायला."

ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने मागे वळून बाबांना सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "अहो, तव्यावर घेतलं तिला."